ओसरीतले कपाट

आदिलाबादच्या ज्या शाळेत मी ग्रंथपाल म्हणून लागलो, तिच्या वाचनालयात दोन कपाटे होती. मोठे आत, खोलीत. दुसरे ओसरीत, महारवाड्यातून येणाऱ्यांसाठी. त्यात पाने गळालेली पंधरा-वीस पुस्तके. निजामाचे राज्य होते आणि शाळा मराठी मंडळींच्या समितीची होती. संध्याकाळी दोन तास वाचनालय गावासाठी उघडे असे. समितीचा नियम नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेला होता: अस्पृश्य वाचकाने नेलेले पुस्तक परत आल्यावर ओसरीतल्या कपाटात ठेवावे. आतले पुस्तक त्याला देऊ नये, असे मात्र कुठे लिहिलेले नव्हते. तो मागेल असे कुणाला वाटलेच नसावे.

मागणारा कापसाच्या जिनिंगमधला कामगार होता, मूळ गुडीहत्नूरचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करत असे. त्याला प्राथमिक शिक्षकाच्या परीक्षेला बसायचे होते आणि परीक्षेचे अंकगणित आतल्या कपाटात होते. एकच प्रत.

"माझ्या नावावर लिहितो," मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो. "घेऊन जा, कुणाला कळणार नाही." मला ते धाडसाचे वाटले होते.

"काऊन जी? वाचनार मी, न् नाव तुमचं?"

"समितीनं पाहिलं तर पुस्तक बाहेरच्या कपाटात जाईल. मग दुसरं कुणी त्याला हात लावणार नाही."

"जाऊ द्या ना मंग. आमाले तेच कपाट जवळ पडते."

मी त्याच्या नावावर लिहिले. पंधरा दिवसांनी पुस्तक परत आले, ते ओसरीत ठेवले, नोंदवहीत तसा शेरा मारला. त्याने लगेच भूगोल मागितला. मग व्याकरण, मग उर्दू निबंध. त्यापुढच्या पुस्तकांचा परीक्षेशी संबंध दिसेना: आयुर्वेद, कीर्तनाची आख्याने, कपाशीवरची कीड. शुक्रवारी जिनिंगला सुट्टी असे, त्या दिवशी महारवाड्यातले आणखी चौघे त्याच्याबरोबर येऊ लागले.

"हे सारं वाचतोस?" मी विचारले.

"वाचतो ना मास्तर. नाही समजलं त बायको चित्रं पाह्यते."

काय चालले आहे ते तेव्हा माझ्या लक्षात आले. समितीला एक चिठ्ठी पाठवली असती तर ते थांबले असते. मी चिठ्ठी लिहिली नाही आणि शेरे मारत राहिलो. माझा सहभाग एवढाच. पावसाळा संपेपर्यंत आतले दोन कप्पे रिकामे झाले. ओसरीतले कपाट भरले, उरलेली पुस्तके बाकावर रचावी लागली.

समितीचे चिटणीस वकील होते. नियम त्यांच्याच हातचा. एका संध्याकाळी ते महसुली गश्त्यांचा, म्हणजे सरकारी हुकुमांचा, संग्रह मागायला आले. दुसऱ्या दिवशी तहसिलीत त्यांचे प्रकरण होते आणि गावात दुसरी प्रत नव्हती.

"तो ओसरीत आहे," मी सांगितले.

"तिथं कसा गेला?"

मी नोंदवही पुढे केली. त्यांनी एकेक पान वाचले.

"हे तू होऊ देल्लं?"

"नियमाप्रमाणे केलं, साहेब."

"नोकरी जड झाली वाटते तुले."

ते ओसरीत गेले. संग्रह कपाटात नव्हता. पायरीवर बसून तो कामगारच वाचत होता. उठला नाही.

"वकीलसाहेब, हेच पायजे का? दोन पानं राह्यली. बसा ना."

वकील उभेच राहिले. त्याने दोन्ही पाने सावकाश वाचली.

"उद्या तारीख हाये," शेवटी वकील म्हणाले. "आज देता का?"

त्याने दिले. वकिलांनी पुस्तक काखेत मारले आणि ते गेले.

पुढच्या बैठकीत समितीने ठराव केला: ओसरीत पुस्तके भिजण्याचा संभव असल्याने दोन्ही कपाटे एका खोलीत ठेवावीत. पहिल्या पानावरचा कागद मला काढायला सांगितले. अस्पृश्य हा शब्द ठरावात कुठेच नव्हता. वाचकांनी कुठे बसावे, यावरही काही नव्हते. शुक्रवारी ते पाचही जण आत येऊन बसले. समितीच्या दोन वृद्ध सभासदांनी वाचनालयात येणे बंद केले. माझी नोकरी राहिली.

परीक्षेत तो त्या वर्षी उर्दूत नापास झाला. पुढच्या वर्षीची तयारी त्याने आतल्या टेबलावर केली, पास झाला आणि नेरडीगोंड्याजवळच्या एका शाळेवर रुजू झाला.