रस्त्यात न्हाई, घरी झालं

आष्टीपासून बारा किलोमीटरवरच्या आमच्या वस्तीत केशरबाईनं दोनशेच्या वर बाळंतपणं केली. तिला अडाणी सुईण म्हणणाऱ्या शहाण्यांना माझं एकच सांगणं आहे, तिच्यासोबत एकदा दवाखान्यात जाऊन बघा. घरी बाळंतपण करणं सोपं हाय, असं ती म्हणते. कुणाचं घरी करायचं न्हाई, ते कळायला अक्कल लागते.

होकार देण्याआधी ती गाडी बघते. गाडी आणि ड्रायव्हर ठरलेला नसेल तर उंबऱ्याबाहेरूनच परतते. गाडीही दारात उलटी लावून घेते, तोंड रस्त्याकडं. लोक हसतात. म्हणतात, केशरबाई वरातीला निघाली.

गेल्या फेब्रुवारीत प्रियदर्शनीची वेळ आली. तिचं पहिलं बाळंतपण दवाखान्यातच झालं होतं. कळा सोसवेनात म्हणून ओरडली, तर नर्सनं मांडीवर चापट मारली, वर नको ते बोलली. पोरीनं तिथंच ठरवलं, दुसरं घरी. नवरा अभिमन्यू कबूल, सासू सत्यशीला तर खूश. केशरबाईनं आधी तिला सोनोग्राफीला पिटाळलं, तो कागद तिच्या हाताखाली काम करणाऱ्या माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मग हो म्हणाली. कळा सुरू झाल्या त्या सकाळी वस्तीतल्या ड्रायव्हर शहेबाजची जीप दारात उलटी उभी राहिली.

दुपारी दोनला मुलगी झाली. ठणठणीत. पण नाळेमागची वार पडेना. आमच्याकडं जुनी रीत अशी, की वार पडल्याशिवाय नाळ कापायची नाही. मायलेकी तशाच बांधलेल्या, तास जावो की दोन. केशरबाईची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. अर्धा तास झाला, खालचं दुसरं लुगडं भिजलं, तसं तिनं नवं पातं मागितलं. सत्यशीला आडवी आली. नाळ आधी कापली की वार वर चढते, आमच्या घरात असं कधी झालं नाही, म्हणाली.

"वार न्हाई चढत वर. तुमची सून जाईल वर," केशरबाई म्हणाली. "सरका."

नाळ बांधली, कापली, दहा मिनिटांत जीप आष्टीच्या दवाखान्याकडं हलली. पोर माझ्या मांडीवर, प्रियदर्शनी आडवी, केशरबाईचा हात तिचं पोट चोळत.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. दवाखान्यात बोलणी खावी लागू नयेत म्हणून ते ठोकून देतात, रस्त्यातच झालं. दवाखान्यात पोचल्यावर अभिमन्यूनंही सिस्टरला तेच सांगितलं. गाडीत झालं, आत्ताच, दहा मिनिटं झाली असतील. मग सिस्टर कशाला घाई करील? दहा मिनिटं झाली असतील तर वारेची वाट बघायचीच असते. तिनं प्रियदर्शनीला खाटेवर घेतलं आणि शेजारच्या बाईकडं वळली. इकडं प्रियदर्शनीचे ओठ पांढरे पडत चाललेले, आणि हा गडी थाप खपली म्हणून गप उभा. कानाखाली ओढावी असं वाटत होतं.

केशरबाईनं सिस्टरचं मनगट धरलं.

"हा खोटं बोलतोय. रस्त्यात न्हाई, घरी झालं. म्या केलं. दोनला पोर झाली, आता सव्वातीन. वार आतच हाय, तीन लुगडी भिजली. डॉक्टरला बोलवा."

घरी बाळंतपण केलं हे सुईणीनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, म्हणजे उद्या कुणीही तिच्या दारात चौकशीला येणार. तिला ते पक्कं माहीत होतं.

सिस्टर पळतच गेली. डॉक्टरीणबाईंनी प्रियदर्शनीला आत घेतलं, हातानं वार काढली, रक्ताची पिशवी लावली. बाहेर अभिमन्यू भिंतीला टेकून रडायला लागला. केशरबाईनं त्याला सांगितलं, रडायचं नंतर, आधी पोरीला कुंची आण जा.

साडेपाचला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वाचली म्हणाल्या, आणि लगेच केशरबाईवर घसरल्या. अजून अर्धा तास गेला असता तर? घरी करायचंच कशाला?

केशरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मान खाली घातली नाही.

"माझं नाव लिवा कागदावर. घरी झालं, अर्ध्या तासात नाळ कापून गाडीत घातली, ते बी लिवा. पुढच्या खेपेला हिला मी सरळ इथंच आणते. पण कळा देणाऱ्या बाईवर कुणी हात उगारायचा न्हाई. मी खाटेपाशी उभी आसंन."

डॉक्टरीणबाईंनी खिशातलं पेन काढलं.

"पूर्ण नाव सांगा," म्हणाल्या.