बोट नंबर सातची वही

गेल्या मंगळवारी आमच्या इथल्या गावातल्या फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन दलाच्या सभागृहात, मी प्रेझेंटेशन दिलं. पोडियमवरचा फोटो टाकला होता, तुम्ही सगळ्यांनी भरभरून लाइक्स दिलेत... त्या फोटोत जे आलं नाही ते आज लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी मूळची हर्णैची. इथे व्हर्जिनियात माशांवर पीएचडी करते, माझा मासा स्ट्राइप्ड बास. चेसापीक उपसागरातला हा पट्टेवाला मासा कमी होत चाललाय. गेली काही वर्षं जाळं टाकून पिल्लं मोजायला जावं तर मोजायला फारसं काही हातीच लागत नाही.

म्हणून नियम आहे. ठरावीक मापाचा एकच मासा घरी न्यायचा, त्याहून लहान किंवा मोठा लागला तर परत पाण्यात सोडायचा. ऐकायला छान वाटतं. पण उन्हाळ्यात पाणी तापलेलं असतं, गळाशी झुंजून मासा अर्धमेला झालेला असतो, आणि सोडलेल्यांपैकी काही थोड्या वेळाने पोट वर करून तरंगतात... ते किती, हे कोणी धड सांगत नाही.

न सांगणं मला नवीन नाही. माझ्या बाबांची होडी आहे. टोपल्या भरून आल्या तरी बंदरावर कोणी विचारलं की "आज काय नाय" हे ठरलेलं उत्तर. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, आणि शिकल्यावर आपण त्यातून सुटलो असंही वाटायचं.

तर दोन वर्षांपूर्वी मी बारा चार्टर बोटींना पिवळ्या वॉटरप्रूफ वह्या वाटल्या. चार्टर म्हणजे टूरिस्ट लोकांना मासे पकडायला घेऊन जाणाऱ्या बोटी. प्रत्येक मासा लिहायचा... माप किती, ठेवला की सोडला, सोडला तर जगला की मेला. वहीवर मी हौसेने एक ओळ छापून घेतली होती, 'तुमची माहिती तुमच्याच उपयोगी पडेल.'

अकरा वह्या परत आल्या. त्यात दोन वर्षांत एकही मासा मेला नव्हता.

बारावी वही कॅप्टन रे यांची. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. मासा सोडला की ते इंजिन बंद करून थांबायचे, पाण्याकडे बघत. गिऱ्हाईक कुरकुरायचं, पण मासा खाली गेला की वर आला हे दिसल्याशिवाय ते पुढे जायचे नाहीत. मग काडेपेटीएवढ्या पेन्सिलीने लिहायचे, मेला... मेला... जगला... मेला.

माझ्या यादीत ती बोट नंबर सात. सोडलेल्यांपैकी किती मेले याचा जो ग्राफ मी मंगळवारी दाखवला तो त्या एका वहीतून आलेला होता, खाली नाव न घालता फक्त 'बोट नंबर सात'.

मंगळवारी तिथे सरकारी सुनावणी होती, प्रस्ताव होता जुलै-ऑगस्टमध्ये या माशाची मासेमारी पूर्ण बंद करण्याचा. चार्टरवाल्यांचं वर्षाचं पोट याच दोन महिन्यांवर चालतं, त्यामुळे हॉल खचाखच भरलेला. माझा ग्राफ पडद्यावर आला आणि मागून आरडाओरडा सुरू झाला. हे आकडे कुठल्या एसी रूममध्ये बसून बनवले, समुद्र बघितलाय का कधी या मुलीने...

समुद्र! हर्णैच्या मुलीला! पण बोटींची नावं गुप्त ठेवायची असतात म्हणून मी गप्प राहिले, असं नंतर प्रोफेसरांना सांगितलं. खरं सांगू? मी घाबरले होते.

तेवढ्यात कॅप्टन रे उभे राहिले. टोपी काढली. "सात नंबर मी आहे. मीच मोजलेत." एवढंच बोलून खाली बसले.

त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेली माणसं उठली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मी पुढची स्लाइड लावली.

गुरुवारी निर्णय आला, दोन महिने बंद. पिल्लांचे आकडेच इतके वाईट होते की त्या वहीशिवायही हेच झालं असतं, असं सगळे मला समजावतात. मलाही ते पटतं. पण सरकारने बंद केलं असं बंदरावर कोणी म्हणत नाही. रेने बंद केलं म्हणतात.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्याला खरं लिवायला सांगितलं कोणी?"

"मीच, बाबा."

"मग तू उभी राहायचीस ना गो."

शनिवारी मी नव्या वह्या वाटायला बंदरावर गेले. एकानेही घेतली नाही, दोघांनी तर माझ्यासमोर केबिनचं दार लावून घेतलं. कॅप्टन रे यांच्या बोटीकडे न बघता मी परत गाडीकडे निघाले होते... तिथे जायला तोंडच नव्हतं.

त्यांनीच हाक मारली. "माझी वही?"

मी दिली. माफी मागायचं वाटेत पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. त्यांनी वहीवरची ती छापलेली ओळ वाचली, चष्मा वर सरकवला आणि पानं उलटत जुलैपर्यंत आले. खिशातला चाकू काढून जुलै आणि ऑगस्टची पानं शिवणीपाशी नीट कापली, एकसुद्धा फाटू न देता, आणि माझ्या हातात दिली.

"मला आता लागणार नाहीत. दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडतील."

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

ती कोरी पानं आता माझ्या टेबलावर आहेत. थीसिसच्या पहिल्या पानावर ज्यांचे आभार मानायचे त्यांची यादी कालच करायला घेतली, आणि त्यांचं नाव लिहायला माझा हात अजून धजत नाही.