फरियाली भिया

"इतनी सी तो चलती है, काकू," असं म्हणत भिया शर्टाच्या खिशातून पुडी काढत आणि ताटातल्या वरणावर सेव पसरत. इतनी सी म्हणजे मूठभर. खालचं वरण दिसेनासं झालं की हात थांबे.

वरणावर सेव, पोह्यांवर सेव, काकडीच्या कोशिंबिरीवर सेव. एकदा मी शिऱ्याची वाटी पुढे ठेवली तेव्हाही त्यांचा हात खिशाकडे गेला होता. मी बघतेय हे कळल्यावर परत आला. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. इंदूरच्या माणसाला वाटणार नाही, कारण त्याच्या स्वतःच्या घरात असा एक तरी असतोच.

राजेंद्र नगरात त्यांच्या मागच्या गल्लीत मी राहते. त्यांच्याकडे पोळ्या करायला जात होते, ते रिटायर व्हायच्या आधीपासून. सरकारी ऑफिसात बाबू होते. आजोबा होळकरांच्या नोकरीत होते हे पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि पुढेही अधूनमधून सांगत राहिले. नाव होतं चांगलं, पण कॉलनीत सगळे त्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणत. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, तरी मीही भियाच म्हणायची.

चालणं हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायचं तरी स्कूटर. वहिनी म्हणायच्या, "अहो, स्कूटर बाहेर काढेपर्यंत माणूस दूध घेऊन परत येईल."

"पायी गेलो तर लोक म्हणतील, भियाने गाडी विकली."

जेवण झालं की तंबाखू. तीही इतनी सीच. वहिनी बोलायच्या, मुलगी पुण्याहून फोनवर बोलायची, मी पोळ्या लाटता लाटता बोलायची. भिया सगळ्यांचं ऐकून घेत. रागावत नसत. न रागावणाऱ्या माणसाला सुधारणं फार अवघड, हे तुम्हीही पाहिलं असेल.

एका थंडीतल्या सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "काकू, ओवा आणि काळं मीठ द्या जरा. गॅस झालाय." छाती चोळत होते. कपाळावर घाम होता. मी अंगावर शाल घेऊन पोळ्या करत होते आणि या माणसाला घाम.

माझा नवरा असाच ओवा चघळत गेला. त्यामुळे मी ओवा दिला नाही. शेगडी बंद केली आणि शेजाऱ्यांना गाडी काढायला लावली. वहिनी रडायला लागल्या तेव्हा त्यांना म्हटलं, "रडायचं ते गाडीत बसून रडा."

"इत्ता तमाशा कशाला, काकू? डकार आली की बरं वाटेल," भिया म्हणाले. पण गाडीत बसताना त्यांनी माझं मनगट धरलं, ते सोडेनात.

वेळेवर पोचले. हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या, त्यात स्टेंट घातले. डॉक्टरांनी सांगितलं की दुखणं एका दिवसाचं नाही, कित्येक वर्षांच्या ताटातून आणि तंबाखूतून आलंय. आता तेल कमी, मीठ कमी, तळलेलं बंद, तंबाखू बंद, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि ताकद आली की रोज चालायचं. हे नाही केलं तर पुन्हा येईल, आणि दर वेळी गाडी मिळेलच असं नाही.

घरी आल्यावर भियांनी सेवेची पुडी मला दिली. तंबाखूची डबी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या गाडीत टाकली. वहिनींनी देवापुढे दिवा लावला. मला वाटलं, सुधारला माणूस.

मग त्यांनी उपास धरले.

सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय एकादशी आणि चतुर्थी. म्हणाले, "काकू, परहेज का परहेज आणि पुण्य का पुण्य."

आता उपास म्हणजे काय, हे इंदूरात राहणाऱ्याला सांगायला नको. उपासाच्या पदार्थांना आमच्याकडे फरियाली म्हणतात, आणि फरियाली खाणं एवढं मिळतं की माणसाला जेवणाची आठवण येऊ नये. सकाळी तूप सोडलेली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा तळलेला चिवडा. दुपारी साबुदाणेवडे. संध्याकाळी राजगिऱ्याची पुरी आणि बटाट्याची भाजी. मधे भूक लागली तर शेंगदाणे, तेही तळलेले. ज्या खिशात सेव असायची त्या खिशात फरियाली मिक्श्चर आलं.

वहिनी म्हणायच्या, "अहो, हे तळलेलं आहे."

"उपासाचं आहे."

"मीठ बघा केवढं घेताय."

"ते मीठ नाही, सैंधव आहे."

खरं सांगायचं तर उपासाचं खाऊन कुणाला काही होतं, असं आमच्याकडे कुणी ऐकलंच नव्हतं. मी कढई चढवत होते आणि ते खात होते.

काही महिन्यांनी तपासणी होती. वहिनींचे गुडघे दुखत होते आणि मलाही बीपी दाखवायचं होतं, म्हणून आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती, हिंदीत बोलणारी. तिने कागद पाहिले, भियांना वजनकाट्यावर उभं केलं, बीपी दोनदा घेतलं आणि विचारलं, "अंकल, खाने में क्या चल रहा है?"

भिया खुर्चीत ताठ बसले. "मॅडम, खाना तो समझो छूट ही गया. हफ्ते में चार दिन व्रत."

"व्रत में क्या लेते हैं?"

इथे त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण खाण्याचा विषय निघाला की त्यांना राहवत नसे. खिचडीत दाणे कसे भाजून घालायचे, वडा बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ कसा हवा, मिक्श्चर कुठल्या दुकानाचं घ्यायचं, सगळं सांगितलं. कुठल्या दुकानाचं घेऊ नये तेही सांगितलं.

डॉक्टरीण पेन खाली ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "अंकल, ये व्रत है कि पार्टी?"

वहिनींना हसू आवरेना. मी भिंतीकडे पाहिलं.

"मॅडम, सेंधा नमक लेता हूँ."

"सेंधा नमक भी नमक ही है. और दिल को क्या पता कि वडा सोमवार का है?" मग ती हसायची थांबली. कागद त्यांच्यापुढे फिरवून तिने आकडे दाखवले. म्हणाली, "स्टेंट हमने डाल दिया. बाकी की नलियाँ आप भर रहे हैं. ऐसे ही चला तो आप वापस आएँगे, और शायद आ भी न पाएँ. व्रत बंद कीजिए, सादा खाना खाइए."

परत येताना रिक्षात भिया सगळा रस्ता बाहेर बघत बसले. वहिनींना वाटलं, रागावले. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते तेव्हा ते दारात आले. सहा महिन्यांपूर्वी उभे होते तिथेच. वहिनी देवळात गेल्या होत्या.

"काकू, उपास सोडता येणार नाही."

"का?"

"आयसीयूत पडलो होतो ना, शेजारच्या पलंगावरचा माणूस गेला. पडदा ओढला त्यांनी, पण मला कळलं. तेव्हा बोललो मी देवाला. जिंदगीभर उपास करीन, मला घरी जाऊ दे. आणि गेलो ना मी घरी." पुढे आवाज बारीक झाला. "आता सोडले आणि तो म्हणाला, चल, तर?"

हसतमुख माणूस घाबरला की बघवत नाही. इतके दिवस मला वाटत होतं जिभेसाठी उपास करतात. जिभेसाठी करत होतेच. पण खाली ही भीती बसली होती, आणि ती कुणाला दाखवावी हे त्यांना कळत नव्हतं. डॉक्टरणीचं ऐकलं तर देव नेणार, देवाचं ऐकलं तर वडे नेणार.

मी चौथीपर्यंत शिकलेली. शास्त्र मला येत नाही. पण मी विचारलं, "देवाला तुम्ही काय कबूल केलं होतं? उपास ना?"

"हो."

"वडे कबूल केले होते का?"

त्यांचा हात खिशाकडे गेला.

"मिक्श्चर कबूल केलं होतं? मग ते सोडलं तर देव कशाला विचारेल? उपास करा. माझी आई करायची तसा. एक फळ, वाटीभर दही, संध्याकाळी शिजवलेली भगर. आणि तेवढाही झेपतो का ते त्या मुलीला विचारा, गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका."

"भगरीत मीठ?"

"चिमूटभर. माझी चिमूट, तुमची नाही."

डॉक्टरणीला फोन केला. तिने चारऐवजी एकच वार ठेवायला सांगितलं, बाकीचे दिवस वरण, भाजी, पोळी. भियांनी सोमवार ठेवला. बाकीच्या देवांची माफी कशी मागितली ते मला माहीत नाही, पण गुरुवारी पोळी खायला बसले तेव्हा आधी दत्ताच्या फोटोकडे बराच वेळ बघत होते.

मग चालणं सुरू झालं. आधी कॉलनीच्या बागेपर्यंत, तेही स्कूटर बाहेर उभी आहे ना हे बघून. लोकांना कळावं की गाडी विकलेली नाही. पुढे बागेत येणाऱ्या चार-पाच रिटायर लोकांत मिसळले. ही मंडळी बागेला दोन चक्कर मारत आणि मग पोहे-जलेबी खायला जात. आमच्याकडे फिरायला जाणं म्हणजे हेच असतं.

भिया त्यांच्याबरोबर गेले. पोहेवाला त्यांना वर्षानुवर्षं ओळखणारा. त्याने न विचारता मूठभर सेव उचलली, तेव्हा भिया म्हणाले, "सेव मत डालना."

त्याचा हात तसाच राहिला. "भिया, घर में सब ठीक तो है ना? कोई शांत हुआ क्या?" आमच्याकडे शांत होणं म्हणजे वारणं.

हे त्यांनीच घरी येऊन सांगितलं आणि हसता हसता खाली बसले. वर म्हणाले, "काकू, सेवेशिवाय पोह्यांची चव लागते. मला माहीतच नव्हतं पोहे कसे लागतात." नंतर नंतर ती चार-पाच माणसंही आधी बागेत जास्त चालायला लागली. पोहे रविवारपुरते उरले, जलेबी कुणाचा वाढदिवस असला तर.

अधूनमधून घसरत. एकदा इथल्या लालबागच्या मेळ्यातून परतले तेव्हा मिशीला कचोरीचा चुरा होता. वहिनींनी विचारलं, तर म्हणाले, "धूळ आहे." दुसऱ्या दिवशी जास्त चालून आले.

भीती मात्र सोमवारी दिसायची. सोमवारी ते मोजून बोलत, मोजून खात. एका सोमवारी वहिनींनी चहाबरोबर चुकून मारीचं बिस्किट दिलं. अर्धं तोंडात गेल्यावर लक्षात आलं, तर थुंकून आले आणि दिवसभर नाडीवर बोट ठेवून बसले.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. तिला दवाखान्यात नेलं त्या संध्याकाळपासून भिया तिथेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी नात झाली. मी वहिनींसाठी डबा घेऊन गेले, वरणभात आणि दोडक्याची भाजी. भिया बाकावर बसले होते, चेहरा उतरलेला, डोळे मात्र चमकत होते. मी डबा उघडला आणि त्यांनी तो ओढून घेतला. जेवायला लागले. दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा माझ्या लक्षात आलं की सोमवार आहे. भुकेल्या माणसाला वार सांगायचा नसतो. वहिनींनीही माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

मंगळवारी सकाळी ते माझ्या घरी आले. चालत. दारातच उभे राहिले.

"काकू, काल सोमवार होता."

"होता."

"मी जेवलो."

"पाहिलं मी."

"दोनदा भात घेतला."

"मग?"

त्यांनी छातीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "चालू आहे."

"मग आता नातीसाठी गरम पाणी कोण तापवणार? घरी जा."

त्यानंतर त्यांनी सोमवार सोडला नाही, पण घाबरून केला नाही. कधी राहिला तर राहिला. गोळ्या आणि चालणं मात्र कधी राहिलं नाही.

आता ते इथे नाहीत. मुलीची नोकरी, नातीला सांभाळायला कुणी नाही, म्हणून दोघं पुण्याला गेली. घर भाड्याने दिलंय. भाडेकरी जोडपं बाहेरून डबा मागवतं, मला तिथे काम उरलं नाही. पोहेवाला अजून विचारतो, "भिया कब आ रहे?"

परवा सकाळी फोन आला. त्यांच्या घरामागे टेकडी आहे. नातीला घेऊन चढतोय म्हणाले, ती आता चालते, पण अर्ध्यात उचलून घ्यावी लागते. पुण्याचे पोहे कसे बेचव असतात ते सांगायला लागले. मधेच थांबून श्वास घेतला.

मी म्हटलं, "बोलू नका. आधी चढा."

"चढतो," म्हणाले. फोन बंद करायला मात्र विसरले. मी तो पोळपाटाशेजारी ठेवला. माझी पोळी लाटून झाली, भाजून झाली, तरी खडीवर पडणारी त्यांची पावलं ऐकू येत होती, आणि ती पोर कशाला तरी हसत होती.