पाटावरचा कनेक्टर

"तू भायेरच थांब. आत पूजा हाय."

खंडेनवमी होती. लातूरच्या कारखान्यात यंत्रं धुऊन झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मालकाने सगळ्या कामगारांना आत बोलावलं. मला दारातच अडवलं, चपलांच्या ढिगाशेजारी. आत पाटावर कनेक्टर ठेवला होता. मी घडवलेला. मालकाच्या पुतण्याने त्याला कुंकू लावलं. मालकाने नारळ फोडला आणि जमलेल्या व्यापाऱ्यांना म्हणाला, "नवा माल हाय. असला बाजारात कुठंच न्हाई. आमच्या पुतण्याचं डोकं!"

टाळ्या पडल्या. नंतर मलाही खोबऱ्याचा तुकडा मिळाला. हाताला हात लागू नये म्हणून वरून टाकलेला.

विहिरीतल्या मोटारीची वायर जोडायचा कनेक्टर तो. आमच्याकडे ही वायर नुसती पिळतात, वर टेप गुंडाळतात. टेप भिजते. लोहा गावाजवळ दुसऱ्याच्या शेतात राबणारा माझा चुलता अशाच ओल्या जोडाला चिकटून मेला. माणसं उभी होती. काठीनेसुद्धा कुणी त्याला ढकललं नाही. करंटची भीती, म्हणतात. सगळी भीती करंटची नव्हती.

तेव्हापासून डोक्यात एकच. वायर उघडी राहूच द्यायची नाही. पीळ देऊन घट्ट बसल्याशिवाय करंट पुढे जाणारच नाही, असा जोड मी घरी बसून बनवला. नांदेडच्या एका वकीलबाईंनी माझ्या नावाने पेटंटचा अर्जही टाकला. मग साचा काढायला म्हणून मी तो मालकाला दाखवला, आणि तिथून तो पुतण्याचा झाला.

खोबरं मी तिथेच टाकलं आणि चालता झालो. नांदेडला मोटार वाइंडिंगचं दुकान काढलं.

मालकाने माझ्या अर्जावर हरकत घेतली. सुनावणीत त्याचा वकील म्हणाला, "यात नवीन काहीच नाही. कुठलाही वायरमन असा जोड करतो." पेटंट ऑफिसच्या साहेबांना ते पटलं. अर्ज फेटाळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हायकोर्टात अपील केलं.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मालकाची गाडी माझ्या दुकानासमोर थांबली.

"झालं गेलं सोड," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "उद्या पूजेला ये. आत बस, माझ्या शेजारी. मालावर पुतण्याच्या खाली तुझं बी नाव लावू. अपील तेवढं मागं घे."

आत बस! एके काळी हे ऐकून मी हरखून गेलो असतो. त्याचाच मला जास्त संताप आला.

"नवं नव्हतं, तर नारळ कशाला फोडला?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोलताना 'मालक' म्हणालो नाही.

तो गाडीकडे वळला. मग म्हणाला, "तुला कोर्ट झेपायचं न्हाई."

"बघू. अपील मागं घेणार न्हाई."

त्या पूजेत आत बसलेला एक कामगार आता निलंग्याला असतो. पाटावर काय होतं आणि मालक काय बोलला, ते कोर्टात सांगायला तो तयार आहे. इथे हरलो तर मी वरच्या कोर्टात जाईन. चुलत्याचा जीव गेला त्या जागेवर मी हा जोड बसवलाय. त्याच्यावर माझं नाव लागेल. पुतण्याच्या खाली नाही.