आईशेजारची जागा

आमच्या चर्चच्या मंडळीत मरणाची तयारी सगळ्यांच्या आधी मी केली, याचा मला बरेच दिवस अभिमान होता. वडवणीजवळच्या आमच्या दफनभूमीत आईच्या कबरीशेजारी एकच जागा उरली होती. सहा वर्षांपूर्वी गुडघे पहिल्यांदा कुरकुरले, तेव्हा मी तिथं चार दगड मांडून आलो. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात, तसं.

थोरल्या भावाला कळलं. चर्चच्या दारात त्यानं विचारलं, "का रं, तिचा लेक तूच एकटा हाईस का?" आणि बोलणं बंद केलं. मीही केलं. दर रविवारी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून आम्ही शांतीची गाणी म्हणायचो. पाळक नसले की मयतीला वचन मी सांगायचो. प्रभूच्या घरी जागेला तोटा नाही, असं दुःखी लोकांना ठासून सांगायचो. कुणी हसलं नाही, ही मंडळीची कृपा.

यंदा भावाच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पाळक प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायला आले, तर हा म्हणाला, धाकट्याशी अबोला असताना मी ते घेणार नाही. शेवटी वहिनींचा फोन आला.

गेलो. जागा सोडण्याचं भाषण वाटेतच तयार केलं. उदार, जरा लांबलेलं. खाटेजवळ बसलो, पाळकांनी सुरू करायची खूण केली आणि सवयीनं मी आधी प्रार्थनाच धरली. सहा वर्षं अबोला वाहून माणूस किती दमतो, ते डोळे मिटल्यावर कळलं. मरणाऱ्याला धीर देता देता मला झोप लागली. जाग आली तेव्हा प्रार्थना भाऊच पुरी करत होता.

"दादा, जागा तू घे," एवढंच सुचलं.

"मी सोडलीच व्हती. ल्हानपणी आईजवळ असल्याबिगर तुला झोप येत न्हवती," तो म्हणाला. "पर आज बघितलं, माझ्याजवळ बी लागती."

मग आम्ही प्रभुभोजन घेतलं. चौथ्या दिवशी तो गेला. त्याला आईशेजारीच ठेवलं. दगड मीच उचलायला गेलो. तीन उचलले, चौथ्याला कंबर धरली.

दादाच्या कबरीपलीकडं, बाभळीच्या काट्यांत, जागा आहे. आजवर ती कुणी मागितलेली नाही. मीही तिथं काही मांडलेलं नाही. मांडावंसं वाटतं, हे मात्र प्रभूला ठाऊक आहे.