सोनकणीसताई

दैवशालाला कोणी घड्याळात किती वाजले विचारलं, तरी ती आधी चहा झाला का ते विचारते. वेळ नंतर सांगते, आणि तोवर ती बदललेली असते.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर आमची 'ठिणगी क्रिएटिव्ह' ही एजन्सी आहे. जिना इतका अरुंद, की वर येणारा आणि खाली जाणारा यांच्यात आधी समझोता व्हावा लागतो. वर आम्ही चौघं. मालक देवानंद, शुभेच्छांच्या पोस्टी सजवणारी तृप्ती, मजकूर लिहिणारा मी, आणि दैवशाला. देवानंद दोन वर्षं पुण्यात काढून परत आला तेव्हा त्याच्यासोबत दाढी आली आणि 'ब्रँडचा टोन' हे शब्द आले. दाढी पहिल्याच उन्हाळ्यात गेली. शब्द राहिले.

दैवशालाचं काम सांगायला सोपं. 'सोनकणीस सीड्स' ही आमची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक कंपनी. तिच्या फेसबुक पानावर शेतकरी जे लिहितील त्याला कंपनीच्या नावानं उत्तर द्यायचं. पण दैवशाला भोकरदन तालुक्यातली. तिच्या गावात कामाचं बोलणं सगळ्यात शेवटी निघतं. माणूस येतो, पाणी पितो, पाऊसपाण्याचं बोलतो, घरच्यांची खुशाली विचारतो, आणि उठून चपला घालता घालता म्हणतो, "बरं, ते फवारणीचं यंत्र मिळल का?" शिवाय तिचे आजोबा मेंढ्या घेऊन महिनोन् महिने हिंडणारे. ओळख काढल्याशिवाय कोणी आपल्या रानात मेंढ्या बसवू देत नसे. तेव्हा ओळख काढणं ही त्या घराची वडिलोपार्जित इस्टेट, आणि ती सगळी दैवशालाच्या वाट्याला आलेली.

एखादा शेतकरी लिहायचा, "बी कुठं मिळल?" ही लिहायची, "सांगते दादा. जेवलात का?"

तो जेवलेला असला तर काय जेवला, नसला तर का नाही. अशा रीतीनं राजूरजवळच्या त्रिंबककाकांशी तिचा धागा त्रेसष्ट उत्तरांपर्यंत गेला होता. त्यात मक्याचं बियाणं होतं, विहिरीचं पाणी होतं, ठेच्यात शेंगदाणे घालावेत की नाही यावर अकरा उत्तरं होती, आणि काकांच्या पोरीचं, वर्षाराणीचं, लग्न होतं. पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि काका स्थळं बघायला निघालेले. कंपनीच्या पानानं त्यांना कणसाच्या बोधचिन्हाखाली ठणकावून सांगितलं, "आधी परीक्षा होऊ द्या काका. स्थळ काय पळून चाललं का?"

शेतकऱ्यांना पान, कंपनी, एजन्सी ही भानगड ठाऊक नव्हती. त्यांच्या लेखी तिथं एक बाई बसलेली होती आणि तिचं नाव सोनकणीसताई.

यातली ठेच्याची उत्तरं तेवढी कंपनीच्या राधेश्यामजींच्या नजरेला पडली. राधेश्यामजी म्हणजे कंपनीच्या प्रसिद्धीचे साहेब. माणूस सज्जन, पण तक्त्याशिवाय त्यांना समोरचा डोंगर दिसत नाही. त्यांनी देवानंदला फोन केला.

"देवानंदजी, हे कंपनीचं पेज आहे का पारावरची बैठक? दोन मिनिटांत उत्तर पाहिजे आणि एकाच उत्तरात मामला खतम. ठेच्याची चर्चा बिलकुल बंद. आठ दिवस बघतो, मंग येतो. जमत नसल तर हे काम आपण मशीनला देऊ. मशीन काही जेवलात का विचारत नाही."

म्हणजे दैवशालाची खुर्ची गेली. देवानंदला हे तिला सरळ सांगवेना. त्यानं ब्रँडच्या टोनवर पाऊण तास व्याख्यान दिलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे मला काढून राह्यले का?"

"तसं न्हाई..." देवानंद पुण्यातून थेट जालन्यात उतरला. "आठ दिवस तेवढं ठरलेलंच वाक्य टाक, ताई."

ते वाक्य मीच लिहिलं होतं, हे पाप कबूल करतो. 'आपल्या अमूल्य प्रतिसादाबद्दल टीम सोनकणीस आपली आभारी आहे. असाच लोभ असू द्या.'

दैवशालानं आठ दिवस इमानदारीनं तेच टाकलं. 'जेवलात' एवढं बोटांतून आपोआप उमटायचं, आणि ती एकेक अक्षर पुसायची, रांगोळीवर पाय पडल्यासारखं तोंड करून. घरी दोन पोरं, नवऱ्याचं काम हंगामी. पण मला वाटतं, ती खुर्चीपेक्षा त्या पुसलेल्या अक्षरांनीच जास्त कष्टी होती. तिसऱ्या दिवशी एकानं लिहिलं, "ताई, रानडुकरांनी अख्खी मका लोळवली." त्याला उत्तर गेलं, 'आपल्या अमूल्य प्रतिसादाबद्दल टीम सोनकणीस आपली आभारी आहे. असाच लोभ असू द्या.'

त्यानं विचारलं, "कोणाचा? डुकरांचा?"

दैवशालानं त्या दिवशी डबा उघडला नाही.

नवव्या दिवशी राधेश्यामजी आले. टेबलावर तक्ता पसरला. उत्तराची वेळ: एक मिनिट चाळीस सेकंद. एका माणसाला उत्तरं: एक. ते खूश झाले. "बघा देवानंदजी, एकदम बराबर. आता हेच मशीनकडून फुकटात..." दैवशाला खिडकीशी बसून पर्सचा बंद उघडत होती, लावत होती.

तेवढ्यात जिन्यात समझोत्याचा आवाज झाला. तृप्ती खाली जात होती आणि कोणीतरी वर येत होतं. पांढरा सदरा, डोईला टोपी, हातात कापडी पिशवी. दारातच त्या माणसानं विचारलं, "सोनकणीसताई हितंच राह्यते का?"

आम्ही सगळ्यांनी दैवशालाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"तू व्हय? मला वाटलं, चांगली साठीची बाई असल. मी त्रिंबक. राजूरकडचा. कंपनीत गेल्तो, ते म्हणले ताई हितं बसती."

दैवशाला ताडकन उठली. "काका! या, बसा. पाणी..." आणि राधेश्यामजींकडे बघून थांबली. जेवलात का हे ओठांपर्यंत येऊन परत गेलेलं मला दिसलं.

काकांनी पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली, वर चिमूटभर अक्षता ठेवल्या. "वर्षाराणीची परीक्षा झाली, पास झाली, आता लग्न धरलं. पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीला ठिवली. दुसरी तुला आणली. आठ दिवस झाले, लिहितो तर भलतंच उत्तर येऊन राह्यलं. म्हणलं, ताई आजारी हाय का काय, बघून तरी यावं."

राधेश्यामजींना या पाहुण्यात एकदम फायदा दिसला. "काका, मी सोनकणीस कंपनीचाच. म्हणजे तुम्ही आमचंच बियाणं लावता तर!"

"न्हाई," काका म्हणाले.

"न्हाई?"

"मागल्या खरिपाला ताईला इचारलं. ती म्हणली, रान कसंय? म्हणलं मुरमाड, पाणी कमी. ती म्हणली, मंग आमचं वाण लावू नका, नुकसान व्हईल. मंग म्या दुसऱ्या कंपनीचं लावलं. बरं आलं की!"

देवानंदनं डोळे मिटून घेतले. राधेश्यामजी तक्त्यात या प्रकाराचा रकाना शोधत असावेत. दैवशाला हळूच म्हणाली, "साहेब, बॅगेवरच लिहिलंय, भारी जमीन आणि भरपूर पाणी. मी तेच सांगितलं."

"ऐका की पुढं," काका म्हणाले. "म्या घरी सांगितलं, स्वताच्या दुकानात बसून स्वताचा माल नको म्हणणारं माणूस जिंदगीत पाह्यलं न्हाई. हिच्यावर इस्वास ठिवावा. रब्बीला खालच्या काळ्या रानात तुमचीच मका केली. भावकीतल्या सात जणांनी बी तीच केली." त्यांनी पिशवीतून एक कणीस काढून तक्त्यावर ठेवलं. मनगटाएवढं जाड. तक्ता त्याखाली झाकून गेला.

राधेश्यामजींनी बोटानं कणसाचे दाणे चाचपून पाहिले. मग म्हणाले, "काका, आता दोन मिनिटांत उत्तर येतं ना? आभारी आहोत म्हणून?"

"ते तर बँकेचं बी येतं," काका म्हणाले. "त्याच्यासाठी कोणी एस्टीत बसून येतं का?"

राधेश्यामजींनी कणीस उचललं, तक्त्याची घडी केली आणि बॅगेत टाकली. "दैवशालाजी, मशीनचं राहू द्या. पण दोन मिनिटांचा नियम राहील. 'जेवलात का' दोन मिनिटांत बसतं ना?"

"ते बसतं साहेब. काय जेवले, ते बसत न्हाई."

"ते... नंतर सावकाश विचारा," राधेश्यामजी म्हणाले. आणि मग दैवशाला काकांकडे वळून, आठ दिवसांचं तुंबलेलं पाणी सुटावं तशी म्हणाली, "जेवलात का, काका?"

काका जेवले नव्हते. तिचा डबा मात्र त्या दिवशी उघडला आणि काकांबरोबर राधेश्यामजींच्या वाट्यालाही अर्धी भाकरी आली. ठेचा होता. शेंगदाणे घातलेला. देवानंदनं महिन्याच्या अहवालात एक नवा रकाना वाढवला आणि त्याला 'क्षेमसंवाद टप्पा' असं नाव दिलं.

लग्नाला आम्ही सगळे गेलो, राधेश्यामजींच्या गाडीतून. मांडवात पोचलो तोच भोंग्यावरून पुकारा झाला, "सोनकणीसताईंचं आगमन झालेलं आहे, त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ नये!" चारशे माणसं माना उंचावून कणसाच्या चित्रासारखी बाई शोधू लागली.

पंगतीत दैवशालाच्या पानात बुंदी पडते न पडते तोच फोन वाजला. कंपनीच्या पानावर कोणीतरी काहीतरी विचारलं होतं. तिचा हात वरणभातात. राधेश्यामजी अस्वस्थ झाले, आणि घड्याळाकडे बघत तिचा फोन उचलून स्वतःच एका बोटानं टाइप करू लागले. मी वाकून वाचलं.

'ताई जेवत आहेत. तुम्ही जेवलात का?'