आईच्या हिरड्यांतलं रक्त

हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा घाबरून आईनं दात घासणंच सोडलं. पुढे दाढ हलायला लागली, म्हणून मी तिला लोणखेड्याहून शहाद्याला दातांच्या डॉक्टर बाईंकडे नेलं.

बाई म्हणाल्या, "हिरडीखालच्या जंतूंना जगायला लोह लागतं. रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून ते लोह काढून घेतात. तुम्ही घासणं बंद केलंत आणि ते वाढत गेले."

आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "म्हंजे त्या मन्हं रगत खाई ऱ्हायनात?"

दाढ काढावी लागली, बाकीचे दात साफ करून घेतले. आता ती रोज घासते, पण मोरीचं दार लावून. मी बाहेर थांबतो. "आज आलं का?" हे विचारायचा धीर मात्र होत नाही.